वायूंचे तोतये

पानिपतच्या संग्रामानंतर सदाशिवरावभाऊंचे नाव धारण करून एक तोतया पुढे आला. त्याला पाहून काहींची खात्री पटली, काहींची पटली नाही. अखेर १७७६ मध्ये पुण्यात त्याला देहान्ताची शिक्षा झाली. मराठ्यांच्या इतिहासातील हे प्रकरण एका प्रश्नाभोवती फिरते. ओळख पटविण्यासाठी जी खूण धरली, ती दुसऱ्या कोणाच्याही अंगी असू शकते काय? असल्यास तिच्यावर विसंबून दिलेला निवाडा कितपत ग्राह्य मानावा?

शाळेच्या प्रयोगशाळेत हाच प्रश्न वेगळ्या रूपाने भेटतो. चुन्याच्या ताज्या निवळीत नळीने फुंकर घातली की निवळी दुधाळ होते आणि उच्छ्वासात कार्बन डायऑक्साइड आहे, असा निष्कर्ष विद्यार्थी वहीत लिहितात. परंतु गंधक जाळून मिळणारा सल्फर डायऑक्साइडही तीच निवळी तशीच दुधाळ करतो. या दोहोंत भेद करण्यासाठी दुसरी परीक्षा घ्यावी लागते. आम्लयुक्त पोटॅशियम डायक्रोमेटचे नारिंगी द्रावण सल्फर डायऑक्साइडमुळे हिरवे होते, कार्बन डायऑक्साइडमुळे होत नाही. एक खूण पुरेशी नसते, हा धडा या साध्या प्रयोगात सामावलेला आहे. प्रकाशाच्या साहाय्याने वायू ओळखण्याच्या गेल्या दीडशेहून अधिक वर्षांच्या इतिहासात हाच धडा शास्त्रज्ञांना पुनःपुन्हा गिरवावा लागला. बेंगळुरूच्या दक्षिणेस असलेल्या बोम्मसंद्र्याच्या शस्त्रक्रियागृहांत तर त्यावर दररोज माणसांचे प्राण अवलंबून असतात.

वायू डोळ्यांना दिसत नाही. म्हणून त्याची वर्दी दुसऱ्या कोणाकडून तरी घ्यावी लागते. कोळशाच्या खाणीत ज्वालाग्राही वायूचा स्फोट होऊ नये म्हणून सर हम्फ्री डेव्ही यांनी १८१५ मध्ये तारेच्या जाळीचा सुरक्षादीप तयार केला. त्याच्या ज्योतीचे बदलते रूप खाणकामगारांना धोक्याची सूचना देई. ब्रिटनमधील खाणीत विषारी वायूची चाहूल लागावी म्हणून पिंजऱ्यात कॅनरी पक्षी नेत आणि ही प्रथा १९८६ पर्यंत टिकून होती. पक्षी कोसळला की माणसे बाहेर धाव घेत. परंतु तो नेमक्या कोणत्या वायूने कोसळला, हे पक्षी सांगू शकत नसे. धोका आहे एवढेच कळे. धोक्याचे नाव कळत नसे.

ते नाव सांगण्याचे सामर्थ्य प्रकाशात, त्यातही डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांत आहे, याची जाण एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास आली. अमेरिकेतील यूनिस फूट या विदुषीने काचेच्या नळकांड्यांत निरनिराळे वायू भरून ती उन्हात ठेवली आणि कार्बन डायऑक्साइडचे नळकांडे सर्वांत अधिक तापते, हे १८५६ मध्ये प्रसिद्ध केले. तीन वर्षांनी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये जॉन टिंडल यांनी अधिक काटेकोर प्रयोगांस प्रारंभ केला. एका लांब नळीत वायू भरावयाचा, एका टोकाने उष्ण पृष्ठभागाचे किरण आत सोडावयाचे आणि दुसऱ्या टोकास किती उष्णता पोहोचते हे मोजावयाचे, अशी त्यांची योजना होती. काच अवरक्त किरणांना अडवीत असल्याने त्यांनी नळीच्या टोकांना सैंधव मिठाच्या पारदर्शक चकत्या बसविल्या. ऑक्सिजन, नायट्रोजन आणि हायड्रोजन या वायूंतून किरण जवळजवळ विनाअडथळा पार गेले. कार्बन डायऑक्साइड व पाण्याची वाफ यांनी मात्र त्यांचा लक्षणीय भाग शोषून घेतला.

याचे कारण रेणूंच्या रचनेत आहे. निरनिराळ्या अणूंनी बनलेले रेणू ठरावीक गतीने कंप पावतात आणि त्या गतीशी जुळणारे किरणच तेवढे शोषून घेतात. कार्बन डायऑक्साइड ४.२६ मायक्रोमीटर तरंगलांबीच्या आसपासचे किरण आवडीने शोषतो; कार्बन मोनॉक्साइडची जागा ४.६ ते ४.७ मायक्रोमीटरच्या दरम्यान आहे. प्रत्येक वायूला जणू निसर्गाने एक शिक्का दिलेला आहे. शिक्का ओळखला की वायू ओळखला आणि किती किरण शोषले गेले हे मोजले की वायूचे प्रमाण कळले. तत्त्व असे सुबोध आहे. अडचण एवढीच की हे शिक्के एकमेकांपासून नेहमीच अलग नसतात.

टिंडल यांनाच हा अनुभव प्रथम आला. पाण्याची वाफ अवरक्त किरण शोषते, हा त्यांचा निष्कर्ष बर्लिनचे नामवंत शास्त्रज्ञ हाइनरिश गुस्टाव्ह मॅग्नस यांनी अमान्य केला. सैंधव मीठ हवेतील ओल ओढून घेते. तेव्हा किरण अडविले ते हवेतील वाफेने नव्हे, चकत्यांवर साचलेल्या पाण्याच्या थराने, असा त्यांचा आक्षेप होता. हा वाद काही वर्षे चालला. चकत्या कोरड्या राहतील अशी व्यवस्था करून आणि चकत्यांवाचूनही प्रयोग करून टिंडल यांनी आपले म्हणणे राखले. निष्कर्ष त्यांचा खरा ठरला, परंतु आक्षेपाने विज्ञानाचे हितच केले. उपकरणाने दिलेल्या उत्तरामागे आणखी कोणाचा हात आहे काय, हे विचारण्याची शिस्त त्यातून लागली. टिंडल यांचे साहाय्यक विल्यम बॅरेट यांनी १८६४ मध्ये याच पद्धतीने माणसाच्या उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइड मोजून दाखविला. शस्त्रक्रियागृहातील आजच्या उपकरणाचे मूळ तेथवर जाते.

सोबतच्या वायूमुळे किती मोठी दिशाभूल होऊ शकते, याचे उदाहरण पुढच्या पिढीत घडले. स्वीडनचे स्वान्ते अऱ्हेनियस यांनी १८९६ मध्ये असे गणित मांडले की, हवेतील कार्बन डायऑक्साइड वाढल्यास पृथ्वीचे तापमान वाढेल. १९०० मध्ये त्यांचेच देशबांधव क्नुट ऑंगस्ट्रॉम यांनी त्यास हरकत घेतली. कार्बन डायऑक्साइड जे किरण शोषतो, त्यांतील बरेच पाण्याची वाफ आधीच शोषून घेते आणि उरलेल्यांसाठी हवेतील थोडा कार्बन डायऑक्साइडही पुरेसा असतो. तो वाढला काय किंवा घटला काय, फारसा फरक पडणार नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. हे मत पुढे जवळजवळ अर्धशतक प्रभावी राहिले. अधिक सूक्ष्म उपकरणे आल्यावर दिसले की, दोन रुंद पट्टे एकमेकांवर आल्यासारखे वाटतात ते वस्तुतः असंख्य बारीक रेषांचे समूह असतात. एकाच्या रेषा दुसऱ्याच्या रेषांमधील मोकळ्या जागेत बसतात. शिवाय वातावरणाच्या वरच्या थरांत वाफ अत्यल्प असते आणि तेथे कार्बन डायऑक्साइडचेच राज्य चालते. दोन व्यक्ती दुरून सारख्या दिसल्या तरी जवळ गेल्यावर वेगळ्या ओळखू येतात, तसा हा प्रकार झाला.

कारखान्यात अखंड चालेल असे उपकरण घडविण्याचे श्रेय जर्मनीच्या कार्ल फ्रेडरिक लुफ्ट यांच्याकडे जाते. १९३८ च्या सुमारास आय. जी. फार्बेन या रासायनिक उद्योगसमूहाच्या प्रयोगशाळेत सहकारी एर्विन लेहरर यांच्यासमवेत त्यांनी योजलेली युक्ती आजही दाद देण्याजोगी आहे. जो वायू शोधावयाचा, तोच त्यांनी उपकरणाच्या संवेदक कप्प्यात भरला. कप्प्यातील वायू फक्त आपल्या जातीचे किरण शोषतो, तापतो, प्रसरण पावतो आणि एका पातळ धातूच्या पडद्याला ढकलतो. वाटेतील नमुन्यात तोच वायू असेल तर ते किरण आधीच गिळले जातात आणि पडद्यावरील दाब कमी होतो. इतर वायूंनी इतर किरण शोषले तरी संवेदकाला त्याची फारशी खबर लागत नाही. ज्या वायूचा शिक्का काही अंशी जुळतो, त्याच्यासाठी दुसरी युक्ती होती. तो बाधक वायूच भरपूर प्रमाणात एका वेगळ्या कुपीत भरून ती किरणांच्या वाटेत ठेवावयाची, म्हणजे त्याच्या वाट्याचे किरण आधीच संपून जातात आणि नमुन्यातील तोतयाला काही करावयास उरत नाही. तोतयाच्या बंदोबस्तासाठी तोतयालाच पहाऱ्यावर बसविण्याचा हा प्रकार होता.

याच तत्त्वावरील उपकरण घेऊन चार्ल्स डेव्हिड कीलिंग यांनी २९ मार्च १९५८ पासून हवाई बेटांतील मौना लोआ या पर्वतावर हवेतील कार्बन डायऑक्साइड मोजण्यास आरंभ केला. पहिली नोंद दहा लाख भागांत ३१३ भाग अशी होती. आज हा आकडा ४२० च्या वर गेला आहे. पाण्याची वाफ बाधा आणते हे ठाऊक असल्याने कीलिंग हवा अतिशीत नळीतून नेऊन तिच्यातील ओल गोठवून काढीत. तरीही एक बाधा राहून गेली. उपकरण जुळविण्यासाठी वापरलेल्या प्रमाणित मिश्रणात कार्बन डायऑक्साइड नायट्रोजनमध्ये मिसळलेला होता, तर तपासावयाच्या हवेत नायट्रोजनसोबत ऑक्सिजनही होता. ऑक्सिजन स्वतः ते किरण शोषीत नाही. पण शेजारच्या रेणूंशी होणाऱ्या त्याच्या टकरींनी कार्बन डायऑक्साइडच्या शोषणरेषांची रुंदी बदलते. त्यामुळे आकड्यांत दहा लाखांत काही भागांची दुरुस्ती करावी लागली. त्या काळी वर्षभरात होणारी वाढ एका भागाहूनही कमी होती, हे ध्यानात घेतले म्हणजे या दुरुस्तीचे महत्त्व कळते. ही चूक कायम एकाच बाजूची असल्याने वाढीचा आलेख ढळला नाही. मात्र शेजारी निरुपद्रवी दिसला म्हणून त्याची दखल न घेणे परवडत नाही, हे त्यातून सिद्ध झाले.

शहाजीराजांच्या जहागिरीमुळे मराठी वाचकाला बेंगळुरू तसे परके नाही. त्याच शहराच्या दक्षिणेस होसूर मार्गावर, आनेकल तालुक्यात बोम्मसंद्रा आहे. औद्योगिक वसाहतीमुळे हे नाव कर्नाटकाबाहेर पोहोचले. ऑगस्ट २०२५ मध्ये आर. व्ही. रोड ते बोम्मसंद्रा ही मेट्रोची पिवळी मार्गिका सुरू झाल्याने ते आता शहराशी अधिक घट्ट जोडले गेले आहे. येथेच डॉ. देवी शेट्टी यांनी २००० साली स्थापन केलेल्या नारायण हृदयालयाचा विस्तृत परिसर आहे. अल्प खर्चात मोठ्या संख्येने हृदयशस्त्रक्रिया करणारे रुग्णालय म्हणून त्याची ख्याती जगभर पसरली.

अशा कोणत्याही शस्त्रक्रियेत रुग्णाला पूर्ण भूल दिली जाते आणि त्याचा श्वास यंत्राच्या स्वाधीन होतो. श्वासासाठी घातलेली नळी श्वासनलिकेत गेली की चुकून अन्ननलिकेत, हा त्या क्षणीचा सर्वांत गंभीर प्रश्न असतो. नळी अन्ननलिकेत राहिली तर फुफ्फुसांना प्राणवायू मिळत नाही आणि काही मिनिटांत अनर्थ ओढवतो. या प्रश्नाचे सर्वांत विश्वसनीय उत्तर कॅप्नोग्राफ हे उपकरण देते. ते नळीतील वायूवर अवरक्त किरण सोडून कार्बन डायऑक्साइड मोजते आणि प्रत्येक श्वासाची लाट पडद्यावर दाखविते. उच्छ्वासाच्या अखेरीस हा वायू साधारणतः ३५ ते ४५ मिलिमीटर पारा इतक्या दाबाचा असतो. लाट एकाएकी खाली आली तर नळी सुटली असेल, रक्ताभिसरण मंदावले असेल किंवा फुफ्फुसाच्या रक्तवाहिनीत अडथळा आला असेल. नेदरलँड्समधील बॉब स्मालहाउट आणि झेडेनेक कालेंडा यांनी १९७५ मध्ये या लाटांचा चित्रसंग्रह प्रसिद्ध केला. १९८६ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाशी संलग्न रुग्णालयांनी भूल देतानाच्या निरीक्षणाचे किमान निकष जाहीर केल्यानंतर अशा अखंड निरीक्षणाला जगभर गती मिळाली.

परंतु शस्त्रक्रियागृहातील हवा म्हणजे तोतयांचा मेळावाच असतो. भूल देण्यासाठी दीर्घकाळ वापरात असलेल्या नायट्रस ऑक्साइडचा शोषणपट्टा ४.५ मायक्रोमीटरजवळ, म्हणजे कार्बन डायऑक्साइडच्या अगदी शेजारी येतो. शिवाय त्याचे रेणू टकरींनी कार्बन डायऑक्साइडच्या रेषा रुंदावतात. मिश्रणात तो ७० टक्के असताना दुरुस्ती केली नाही, तर कार्बन डायऑक्साइडचा आकडा खऱ्याहून सुमारे १० टक्क्यांनी फुगू शकतो. म्हणून चांगले उपकरण नायट्रस ऑक्साइड स्वतंत्रपणे मोजते आणि त्यानुसार आपले उत्तर सुधारून घेते. उच्छ्वासातील ओल हा आणखी एक उपद्रव. तिच्यासाठी नळीच्या वाटेत पाणी अडविणारा सापळा ठेवलेला असतो.

दुसरा तोतया खुद्द रुग्णाच्याच शरीरातून येतो. हॅलोथेनसारखी भुलीची औषधे पूर्वी ३.३ मायक्रोमीटरच्या किरणांनी मोजली जात. हे किरण कार्बन आणि हायड्रोजन यांच्या बंधाला ओळखतात. तो बंध कोणत्या रेणूतील आहे, हे त्यांना उमगत नाही. आतड्यांत तयार होणारा मिथेन रक्तावाटे फुफ्फुसांत येतो, बंदिस्त श्वसनमंडलात साठत जातो आणि उपकरण त्यालाच भुलीचे औषध समजते. घोडा, गाय यांसारख्या प्राण्यांच्या शस्त्रक्रियेत हा घोटाळा ठळकपणे दिसून आला. औषध पुरेसे पोहोचले आहे असे पडद्यावर दिसावे आणि प्रत्यक्षात ते कमी असावे, ही स्थिती किती धोक्याची आहे हे सांगणे नको. उपाय म्हणून नवी उपकरणे ८ ते १३ मायक्रोमीटरच्या प्रदेशात अनेक तरंगलांब्यांवर मोजमाप करतात. तेथे मिथेनचा अडथळा उरत नाही आणि हॅलोथेन, आयसोफ्लुरेन, सेव्होफ्लुरेन यांना एकमेकांपासून वेगळे काढता येते.

तिसरा प्रकार सर्वांत चकविणारा आहे. रुग्णाने काही वेळापूर्वी सोडायुक्त पेय घेतले असेल, तर जठरात खराखुरा कार्बन डायऑक्साइड असतो. नळी चुकून अन्ननलिकेत गेली तरी पहिल्या काही श्वासांत पडद्यावर लाट उमटते. उपकरण येथे चुकत नाही. वायू खरा आहे, ठिकाण तेवढे खोटे आहे. पुढच्या काही श्वासांत ती लाट विरून जाते. म्हणूनच एका लाटेवर समाधान न मानता अनेक श्वासांपर्यंत ती टिकते काय हे पाहण्याचा दंडक भूलतज्ज्ञ पाळतात. उपकरणाच्या उत्तराला काळाची कसोटी लावणारे हे ज्ञान यंत्राचे नसून माणसाचे आहे.

या कथेत बेंगळुरूचा आणखी एक मानाचा वाटा आहे. २८ फेब्रुवारी १९२८ रोजी कोलकात्यात सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी आपला विख्यात शोध लावला. हाच दिवस शाळाशाळांतून राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून साजरा होतो. १९३३ मध्ये ते बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेचे संचालक झाले आणि १९४८ मध्ये त्यांनी याच शहरात स्वतःची संशोधन संस्था उभारली. पदार्थावर पडून विखुरलेल्या प्रकाशाचा अत्यल्प अंश आपला रंग बदलतो आणि तो बदल प्रत्येक रेणूगणिक ठरलेला असतो, हे रामन परिणामाचे सार आहे. ऑक्सिजन आणि नायट्रोजन अवरक्त परीक्षेत मौन पाळतात. रामन यांच्या परीक्षेत मात्र त्यांनाही बोलावे लागते. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत या तत्त्वावर 'रास्कल' नावाचे उपकरण शस्त्रक्रियागृहांसाठी तयार झाले. एकाच लेसर किरणाने ते प्राणवायू, नायट्रोजन, कार्बन डायऑक्साइड, नायट्रस ऑक्साइड आणि भुलीची औषधे वेगवेगळी ओळखी. आकार व खर्च यांमुळे ते फार काळ टिकले नाही आणि अवरक्त उपकरणांनी त्याची जागा परत घेतली. तरीही आण्विक स्वाक्षरी स्वच्छ वाचण्याचा तो मार्ग प्रयोगशाळांतून आजही चालू आहे.

रुग्णालयाच्या भिंतीबाहेर प्रश्न बदलत नाही, केवळ परिमाण बदलते. १९८४ च्या डिसेंबरमध्ये भोपाळच्या कारखान्यातून विषारी वायू निसटला, तेव्हा कामगारांना पहिली सूचना दिली ती चुरचुरणाऱ्या डोळ्यांनी. अशा देशात औद्योगिक वसाहतीच्या हवेची विश्वसनीय मोजणी ही चैन नव्हे. १८ नोव्हेंबर २००९ रोजी अधिसूचित झालेल्या राष्ट्रीय मानकांत बारा प्रदूषकांच्या मर्यादा ठरविलेल्या आहेत. कार्बन मोनॉक्साइडची आठ तासांची मर्यादा घनमीटरला २ मिलिग्रॅम असून तो अवरक्त शोषणाने मोजावा, असे तेथे नमूद आहे. हवेत कार्बन डायऑक्साइड आणि वाफ त्याच्यापेक्षा कितीतरी अधिक असतात. त्यांची बाधा टाळण्यासाठी फिरत्या चाकावर एका कप्प्यात कार्बन मोनॉक्साइड आणि दुसऱ्यात नायट्रोजन भरून दोन मोजमापांतील फरक घेतात. लुफ्ट यांच्या युक्तीचाच हा नवा अवतार म्हणावयास हरकत नाही. सल्फर डायऑक्साइड अतिनील किरणांत चमकतो. पण झायलीनसारखी बाष्पेही चमकतात, म्हणून ती आधी गाळून काढावी लागतात. ओझोन २५४ नॅनोमीटरचे किरण शोषतो; बेंझिनकुळातील बाष्पे आणि पाऱ्याची वाफही शोषतात. रंग, द्रावके आणि औषधे यांच्या कारखान्यांच्या सान्निध्यात अशी बाष्पे अनपेक्षित नसतात. गाळणी जीर्ण झाली आणि कोणी ती बदलली नाही, तर उपकरण निर्धास्तपणे चुकीचा आकडा छापीत राहील आणि त्या आकड्यावर एखाद्या वस्तीच्या आरोग्याचा निर्णय होईल.

टिंडल यांच्या सैंधवाच्या चकत्यांपासून बोम्मसंद्र्याच्या पडद्यावरील लाटेपर्यंतचा हा प्रवास पाहिला, म्हणजे एक गोष्ट स्पष्ट होते. उपकरणे अधिकाधिक संवेदनशील होत गेली, पण केवळ संवेदनशीलतेने ती विश्वासार्ह झाली नाहीत. मॅग्नस यांनी आक्षेप घेतला, कीलिंग यांनी हवा कोरडी केली, कोणीतरी घोड्याच्या उच्छ्वासातील मिथेन हुडकून काढला. अशा प्रत्येक टप्प्यावर 'हा आकडा आणखी कशाने आला असता?' हे विचारणारा माणूस उभा होता. आजच्या विद्यार्थ्याच्या मनगटावर, वाहनात आणि घराच्या छतावर आकडे सांगणारी यंत्रे आहेत. उद्या ती आणखी वाढतील. त्या आकड्यांना हा एक प्रश्न विचारण्याची सवय त्याला निवळी दुधाळ करणाऱ्या पहिल्याच प्रयोगात लागली पाहिजे. चंचुपात्रातील निवळी दुधाळ झाल्यावर प्रयोग पूर्ण होत नाही. शेजारी ठेवलेले नारिंगी द्रावण नारिंगीच राहते काय, हे पाहिल्यावर तो पूर्ण होतो.